चिखल्याचे मँगनीज आणि चेतासंस्थेची प्रयोगशाळा

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ चिखला आहे. या गावाचे नाव देशाच्या खनिज नकाशावर आले ते जमिनीखालच्या मँगनीजमुळे. चिखल्याची खाण भूमिगत आहे. तिथून जवळच असलेल्या डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या सौसर खडकांच्या पट्ट्यात हे साठे आहेत. या भागातील मँगनीजयुक्त खडकाला भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी गोंड समाजाच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले आणि १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इथल्या खाणकामासाठी १८९६ मध्ये ब्रिटिश कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये तिच्या जागी मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड आली, तीच आजची मॉइल. खनिजाचा बहुतेक भाग पोलाद कारखान्यांकडे जातो. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीतही वापरले जाते.

मँगनीजचे खनिज हातात घेतले तर आकाराच्या मानाने ते फार जड लागते. ब्राउनाइटचा तुकडा टणक, काळपट तपकिरी असतो. पायरोल्युसाइट मात्र मऊ आणि बोटांना काजळीसारखा काळा डाग लावणारा. चेतासंस्थेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. दगडाच्या ढेकळाने मेंदूला काही होत नाही. तोच दगड दळला, त्याची पिठासारखी भुकटी हवेत उडाली किंवा धातू वितळताना त्याचा धूर झाला आणि तो वर्षानुवर्षे श्वासातून आत गेला, तर मेंदूच्या एका ठरावीक भागात तो साठत जातो. त्यातून होणाऱ्या आजाराला मँगनीजबाधा म्हणतात.

हे पुस्तक मँगनीजवर नाही. चेतापेशीला रंग कसा द्यावा, तिच्यातून वाहणारी वीज कशी मोजावी, जिवंत मेंदूचे चित्र कसे घ्यावे, ही आजची तंत्रे शिकू पाहणाऱ्यांसाठी ते आहे. पण तंत्र एकटे शिकता येत नाही. कोणता प्रश्न विचारायचा आहे हे ठरल्याशिवाय सूक्ष्मदर्शक म्हणजे नुसते महागडे भिंग. प्रत्येक तंत्राला काही दिसते आणि काही दिसत नाही. जे दिसत नाही तेही नेमके ठाऊक असणे म्हणजे ते तंत्र येणे. हे समजावून सांगायला विदर्भातल्या विद्यार्थ्याच्या दाराशी असलेला हा धातू फार उपयोगी पडतो. त्याने मेंदू आजारी पडतो, आणि मेंदूतल्या वाटा चित्रात उजळवण्यासाठी प्रयोगशाळा त्याचाच वापर करते.

आजार आधी पाहू. १८३७ मध्ये ग्लासगोचे डॉक्टर जॉन कूपर यांनी पाच कामगारांची हकिगत प्रसिद्ध केली. कपडे विरंजनाची पूड तयार करण्यासाठी लागणारे काळे मँगनीज दळण्याचे काम ते करत. त्यांचे पाय दुबळे झाले होते, चाल डळमळीत होती, आवाज खोल गेला होता, चेहऱ्यावरचे भाव मावळले होते, तोंडातून लाळ गळत होती. जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावरचा निबंध लिहून तेव्हा वीसच वर्षे झाली होती. दोन आजार एकमेकांसारखे दिसतात, पण सारखे नाहीत. मँगनीजबाधेत स्थिर बसलेल्या माणसाच्या हाताला येणारा कंप सहसा नसतो. रुग्ण कोपरे वाकवून चवड्यांवर चालतो. ही चाल कोंबड्याच्या चालीसारखी दिसते असे जुन्या वैद्यकीय वर्णनांत आढळते. मागे पाऊल टाकायला सांगितले तर तोल जातो. कंपवातात ज्या औषधाने उतार पडतो ते लेव्होडोपा इथे फारसे किंवा फार काळ उपयोगी पडत नाही. चिलीच्या खाणींत तर सुरुवातीची लक्षणे मनाची असत: विनाकारण हसू-रडू, चिडचिड, भास. तिथले लोक त्याला मँगनीजचे वेड म्हणत.

चिलीच्याच खाणकामगारांवर जॉर्ज कोट्झियास यांनी १९६०च्या दशकात काम केले. त्यांच्या गटाने किरणोत्सारी मँगनीज देऊन ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडते ते मोजले. काम सोडून गेलेल्या रुग्णांच्या शरीरातून जादा मँगनीज निघून गेलेले होते, तरी आजार तसाच राहिला होता. उलट खाणीत काम करणाऱ्या धडधाकट माणसांच्या शरीरात मँगनीज भरपूर होते. आज रक्तात किती धातू आहे यावरून मेंदूला किती इजा झाली हे सांगता येत नाही, हा धडा तिथून मिळाला. याच कोट्झियास यांनी १९६७ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना डोपाचे मोठे डोस देऊन उपचाराची दिशा बदलली. खाणीतल्या आजाराचा विचार करता करता लाखो रुग्णांच्या औषधापर्यंत पोहोचलेली ही वाट वैद्यकाच्या इतिहासात फार मोलाची आहे.

भारतात लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात एस. व्ही. चंद्रा, पी. के. सेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात मँगनीजबाधेच्या रुग्णांवर आणि उंदरांच्या मेंदूवर काम केले. खाण कायद्याखाली सूचना देणे बंधनकारक असलेल्या आजारांत ‘चेतासंस्थेच्या प्रकारची मँगनीजबाधा’ आहे, आणि नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीतही ती आहे. ओले ड्रिलिंग, पाणी मारणे, हवा खेळती ठेवणे या उपायांमुळे खाणीतली धूळ कमी करता येते. धोका आज जगभर अधिक दिसतो तो बारीक दळण, मिश्रधातूंच्या भट्ट्या आणि बंदिस्त जागेतले वेल्डिंग यांत.

मँगनीज हे विषच आहे असेही नाही. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचे रक्षण करणारे एक विकर मँगनीजवर चालते. मेंदूत चेतापेशींच्या शेजारी असणाऱ्या ताराकृती पेशी ग्लुटामेटचे रूपांतर ज्या विकराने करतात, त्यालाही ते लागते. धान्य, डाळी, चहा यांतून ते पोटात जाते; जास्त झालेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून आलेले मँगनीज मात्र यकृताला वळसा घालून थेट रक्तात मिसळते आणि नाकातल्या गंधचेतांच्या वाटेने थोडे मेंदूतही शिरू शकते. शरीरात लोह कमी असेल तर आतड्यातून मँगनीज जास्त शोषले जाते, कारण दोघांची आत येण्याची एक वाट सामाईक आहे. त्यामुळे रक्तक्षय असलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक काळजीने पाहावा लागतो.

इथून प्रश्न फुटतात. मँगनीज मेंदूत कुठे साठते? कोणत्या पेशी मरतात? ज्या जिवंत राहतात त्या नीट बोलतात का? प्रत्येक प्रश्नाला वेगळे तंत्र लागते.

सर्वांत जुने तंत्र म्हणजे मेंदूचा पातळ काप घेऊन त्याला रंग देणे. इटालियन वैद्य कमिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेली पद्धत आजही वापरात आहे. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये काही दिवस मुरू द्यायचा, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात टाकायचा. आत सिल्व्हर क्रोमेटचे काळे कण तयार होतात आणि पिवळसर पार्श्वभूमीवर एखादीच चेतापेशी तिच्या मूळ-फांद्यांसह काळीभोर उमटते. शंभरातल्या जेमतेम काही पेशीच रंगतात, आणि नेमक्या त्याच का, याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. पण सगळ्या रंगल्या असत्या तर काच नुसती काळी दिसली असती. स्पेनचे सांतियागो रामोन ई काहाल यांनी १८८७ मध्ये हे काप पाहिले आणि पुढची कित्येक वर्षे ते रेखाटत राहिले. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. गॉल्जी यांचे मत उलट होते: सगळे मिळून एकच अखंड जाळे आहे. १९०६ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले, तरी तोपर्यंत त्यांचे मत जुळले नव्हते. रंजन तेच होते. पाहणाऱ्याने काय पाहायचे ठरवले होते, हाही प्रयोगाचा भाग असतो.

आजच्या प्रयोगशाळेत रंजनाचे काम बहुतांशी अँटिबॉडी करतात. डोपामिन तयार करणाऱ्या पेशींत टायरोसिन हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर असते. त्याला नेमके चिकटणारे अँटिबॉडी कापावर टाकायचे, त्यावर चमकणारा रेणू जोडलेले दुसरे अँटिबॉडी टाकायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फक्त डोपामिनच्या पेशी उजळून दिसतात. कंपवातात मध्यमेंदूच्या कृष्णद्रव्यातील या पेशी मरतात. मँगनीजबाधेत मुख्य मार बसतो तो ग्लोबस पॅलिडस या भागावर. कृष्णद्रव्यातील डोपामिनच्या पेशी पुष्कळशा शाबूत राहतात. म्हणजे या रंजनात मेंदू जवळजवळ निरोगी दिसेल आणि प्राणी तरीही ताठरलेला असेल. मँगनीज दिलेल्या माकडांवरच्या पीईटी तपासणीत हेच दिसले: डोपामिनच्या तंतूंची टोके जागेवर होती, पण त्यांतून सुटणारे डोपामिन घटले होते. पेशी मोजणाऱ्याला हे कळले नसते. रंगलेल्या कापात पेशी आहे की नाही हे दिसते. ती काम करते की नाही हे विचारायला दुसरीकडे जावे लागते.

मोजणीतली दुसरी चूक अधिक साधी आणि अधिक वेळा होते. कोणता काप मँगनीज दिलेल्या उंदराचा आणि कोणता साध्या पाण्यावरच्या उंदराचा, हे मोजणाऱ्याला आधीच माहीत असते. त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, धूसर पेशी धरायची की सोडायची हे ठरवताना त्याची नजर झुकते. म्हणून काचेवरचे लेबल दुसऱ्या कुणीतरी झाकून नुसते आकडे लिहावेत आणि सगळी मोजणी वहीत उतरेपर्यंत ते उघडू नये. यंत्राचा खर्च नसलेली ही सवय पहिल्याच आठवड्यात लागली पाहिजे.

पेशी काम करते का, हे विचारण्याचे तंत्र म्हणजे विजेची नोंद. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये चेतासंवेदनेचे गणित मांडले ते समुद्री स्क्विडच्या महातंतूवर. तो मिलिमीटरभर जाड असू शकतो, म्हणून त्यात तार घालता आली. सस्तन प्राण्याच्या पेशीत तार जात नाही. एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये त्यावर तोड काढली. पेशीच्या आत शिरण्याऐवजी काचेच्या नळीचे टोक पेशीच्या आवरणावर टेकवायचे आणि आवरणाचा तो इवलासा ठिपकाच विजेच्या दृष्टीने वेगळा काढायचा. या पद्धतीला पॅच क्लॅम्प म्हणतात. १९९१ मध्ये तिला नोबेल मिळाले.

पॅच क्लॅम्प शिकताना दिवस कसा जातो हे जवळून पाहण्यासारखे आहे. सकाळी मेंदूचे काप घ्यायचे. बर्फासारख्या थंड द्रावणात बुडालेल्या मेंदूचे थरथरत्या पात्याने ३०० मायक्रॉन जाडीचे काप करतात. पाते पुढे सरकते ते इतके हळू की नवख्याला ते थांबले आहे असे वाटते. मग काप कृत्रिम मेंदूद्रवात ठेवायचे, त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडायचे. बुडबुडे थांबले की काप मरायला लागतात. दरम्यान काचेची नळी मधोमध तापवून ओढली जाते आणि तिचे सुमारे एक मायक्रॉनचे टोक तयार होते. नळीतून किंचित हवेचा दाब बाहेर देत ते टोक पेशीजवळ नेले की पेशीच्या अंगावर खळी पडते. त्या क्षणी दाब सोडायचा आणि हलकेच तोंडाने ओढ द्यायची. सगळे जुळले तर पडद्यावरचा रोध मेगाओममधून गिगाओममध्ये उडी घेतो, आणि त्यानंतर एका वाहिनीतून जाणारा पिकोअँपिअरचा प्रवाह, म्हणजे अँपिअरच्या लाखकोटीव्या भागाइतका, वाचता येतो. सुरुवातीचे आठवडे हे जुळत नाही. टेबलाला धक्का लागला, द्रावणाची क्षारता चुकली, नळीच्या टोकावर धूळ बसली, काप शिळा झाला, ही सगळी कारणे बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा.

मँगनीज इथेही भेटते. द्रावणात मिलिमोलर प्रमाणात मँगनीज घातले की कॅल्शियमच्या वाहिन्या अडतात आणि सिनॅप्सवरचा संदेश थांबतो. चेताशास्त्रज्ञ ही युक्ती अनेक दशके वापरत आले आहेत. त्याच वेळी थोडे मँगनीज त्याच वाहिन्यांतून पेशीत झिरपतेही. अडवणारा आणि आत शिरणारा आयन एकच, ही गोष्ट पुढे चित्रणाच्या कामी येते.

विजेच्या नोंदीचे खरे मोल भंडाऱ्याला दुसऱ्या एका उदाहरणातून कळेल. इथल्या धानाच्या बांध्यांत कापणीआधीच्या ओलीवर लाखोळी पेरतात. दुष्काळात दुसरे काही पिकले नाही तरी ती पिकते. हीच डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली की काही जणांचे पाय कायमचे ताठरतात. विल्यम स्लीमन यांनी सागर भागात १८३०च्या सुमारास अशी साथ पाहून नोंदवली होती. विसाव्या शतकात डॉक्टरांनी रुग्णांच्या पायऱ्याच मांडल्या: काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि सरपटणारा. १९६१ पासून देशाच्या बऱ्याच भागांत या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. १९६४ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी डाळीतला दोषी घटक वेगळा काढला: एक अमिनो आम्ल, ओडॅप. पण ते चेतापेशीला काय करते हे रसायनशास्त्राने कळणार नव्हते. चेतापेशींवरच्या विजेच्या नोंदींनी उत्तर दिले. ओडॅप ग्लुटामेटचे सोंग घेते, ग्लुटामेटच्या एएमपीए प्रकारच्या ग्राहकांवर बसते आणि पेशीला अतिउत्तेजित करते. डाळीतला रेणू, पेशीवरचा ग्राहक आणि काठी टेकत चालणारा माणूस, ही साखळी एका तंत्राने जुळली नाही. शेतावर, रसायनशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली आणि काचेच्या नळीच्या टोकावर मिळून ती जुळली. ओडॅप कमी असलेले रतन, प्रतीक, महातिवरा हे वाण आज उपलब्ध आहेत, आणि डाळ भिजवून पाणी फेकल्याने ते बरेच उतरते.

ज्या महाविद्यालयात पॅच क्लॅम्पचे टेबल येणे शक्य नाही तिथे काय करावे? बेडूक-झुरळांचे विच्छेदन बंद झाल्यापासून प्राणिशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांनी चेतापेशी फक्त चित्रात पाहिली आहे. त्यांच्यासाठी सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा मातीतला सूत्रकृमी उत्तम आहे. तो पारदर्शक आहे, आगरच्या थाळीवर जिवाणू खाऊन वाढतो, २० अंश तापमानाला सुमारे तीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतो. त्याच्या उभयलिंगी रूपात नेमक्या ३०२ चेतापेशी असतात. त्यांचा संपूर्ण नकाशा १९८६ मध्ये छापला गेला. त्यांतल्या फक्त आठ डोपामिनच्या: डोक्यात सहा, मागे दोन. जेलीफिशमधला हिरवा चमकणारा प्रथिन रेणू दुसऱ्या प्राण्याच्या चेतापेशीत पहिल्यांदा चमकला तो याच कृमीत, १९९४ मध्ये, मार्टिन चाल्फी यांच्या प्रयोगशाळेत. डोपामिनच्या पेशी हिरव्या चमकणारी कृमीची जात आज उपलब्ध आहे. थाळीत मँगनीज क्लोराइड घालून, काही तासांनी साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली आठच पेशी पाहायच्या: सगळ्या उजळ आहेत का, तंतूंवर मणी पडले आहेत का, एखादी विझली आहे का. आठपर्यंत मोजता येणाऱ्या कुणालाही चेतासंस्थेचा हा खरा प्रयोग करता येतो. कृमीला रक्ताभिसरण नाही, यकृत नाही, ग्लोबस पॅलिडसही नाही, त्यामुळे माणसाबद्दलचा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही, हे मात्र अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे लागते.

चित्रणाकडे वळू. एमआरआयमध्ये शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन केंद्रकांचा चुंबकीय प्रतिसाद वाचतात. मँगनीजच्या आयनात जोडी न लागलेले पाच इलेक्ट्रॉन असतात. ते शेजारच्या पाण्यातील केंद्रकांना लवकर मूळ स्थितीत आणतात, आणि एका विशिष्ट पद्धतीने घेतलेल्या, टी-१ म्हटल्या जाणाऱ्या चित्रात तो भाग पांढरा उजळतो. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या पद्धतीचे पहिले चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा एका प्रयोगात साध्या पाण्याच्या नळीशेजारी मँगनीज सल्फेटच्या विरल द्रावणाची नळी ठेवली होती. मँगनीजबाधेच्या रुग्णाच्या मेंदूत ग्लोबस पॅलिडसचे दोन्ही बाजूंचे पट्टे याच कारणाने उजळ दिसतात. हीच खूण यकृताच्या जुनाट आजारात, मँगनीज बाहेर न टाकता आल्यामुळे, दिसू शकते. म्हणजे चित्र सांगते की मँगनीज इथे आहे; ते खाणीतून आले की निकामी यकृतामुळे साठले, हे सांगत नाही. आणि धुळीपासून दूर गेल्यावर काही महिन्यांत उजळपणा फिका पडतो, आजार तसाच असला तरी.

१९९८ मध्ये रॉबिया पॉटलर, अफोन्सो सिल्वा आणि अ‍ॅलन कोरेट्स्की यांनी याच गुणाचा उलटा उपयोग केला. जिवंत उंदराच्या नाकपुडीत आणि डोळ्यात त्यांनी थोडे मँगनीज सोडले. कॅल्शियमच्या वाहिन्यांतून ते चेतापेशीत शिरले, अक्षतंतूंच्या आतील वाहतुकीबरोबर पुढे सरकले, आणि काही तासांनी घेतलेल्या चित्रात गंधाची आणि दृष्टीची वाट मेंदूपर्यंत उजळून दिसली. त्यापूर्वी अशी वाट पाहायची तर प्राणी मारून काप घ्यावे लागत, आणि एका प्राण्यातून एकाच वेळेचे चित्र मिळे. आता त्याच उंदराची वाट आज, उद्या आणि आठवड्याने पाहता येते. जागेपणी, वास घेताना, आवाज ऐकताना मँगनीज दिले तर अधिक काम करणारे भाग अधिक उजळतात, कारण काम करणारी पेशी कॅल्शियमच्या वाहिन्या अधिक उघडते.

या तंत्राची मर्यादा मँगनीजच्या विषारीपणातच आहे. उजळ चित्र मिळावे म्हणून दिलेला डोस विषाच्या डोसापासून फार दूर नसतो. म्हणून तो अनेक दिवसांत थोडा थोडा देतात, आणि मँगनीज न दिलेल्या प्राण्यांचे वागणे शेजारी मोजून ठेवतात.

प्रकाशाने पेशी चालवण्याचे तंत्र, ऑप्टोजेनेटिक्स, या पुस्तकात शेवटी येते. शैवालातला प्रकाशाला उघडणारा वाहिनीचा रेणू चेतापेशीत घालून निळ्या प्रकाशाने तिला चालू करता येते, हे २००५ मध्ये सस्तन प्राण्याच्या पेशीत दाखवले गेले. ते वृत्तपत्रांतून सर्वाधिक गाजलेले तंत्र आहे आणि शिकणाऱ्यांना त्याची ओढ असते. पण ज्याला काप नीट घेता येत नाही आणि रंजनाची मोजणी लेबल झाकून करता येत नाही, त्याच्या हाती प्रकाशाचे बटण देऊन उपयोग नाही.

महाराष्ट्रात ही तंत्रे शिकण्याच्या जागा आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दीकी यांनी जीवशास्त्राचे काम सुरू केले, आणि फळमाशीच्या गंधज्ञानावरचे प्रयोग तिथे रुजले. तिथेच शुभा टोळे यांनी गर्भावस्थेत मेंदूतल्या स्मृतीच्या भागाची घडण कशी ठरते यावर काम केले आणि विदिता वैद्य यांनी भावनांच्या चेताजालावर. पुण्याच्या आयसरमध्ये चेताशास्त्राचे गट आहेत. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मेंदूतल्या पेप्टाइड रेणूंचे रंजन आणि त्यांचा वागण्याशी संबंध यांवर दीर्घकाळ काम केले. विदर्भात हे घडू शकते याचा तो मोठा पुरावा आहे. महाराष्ट्राबाहेर, बंगळूरच्या निम्हान्समध्ये मानवी मेंदूंची पेढी आहे. उंदरांवर कोणताही प्रयोग करण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची लेखी परवानगी लागते. किती प्राणी, का तेवढेच, वेदना कशी टाळणार आणि कृमीवर किंवा पेशींवर भागणार नाही का, याचे उत्तर अर्जात द्यावे लागते. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी मांडलेली पर्याय, घट आणि सुधारणा ही तीन तत्त्वे या अर्जामागे आहेत.

शेवटचा टप्पा माणसांचा आहे आणि सर्वांत अवघड. नागपूरला खाणकामगारांच्या आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था होती; २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत विलीन झाली. अशा अभ्यासात मोजमापे साधी वाटतात. तर्जनीने टेबलावर दहा सेकंदांत किती टिचक्या मारता येतात, खाचेच्या भोकांत खुंट्या बसवायला किती वेळ लागतो, तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिताना अक्षर बारीक होत जाते का, मागे चालताना पाऊल अडखळते का. पण बैलगाडी हाकणाऱ्या किंवा फावडे चालवणाऱ्या हाताच्या टिचक्या कारकुनाच्या टिचक्यांशी ताडून चालत नाहीत. तुलनेला त्याच वयाची, त्याच कष्टाची, त्याच भागातली माणसे घ्यावी लागतात. दारू, रक्तक्षय, यकृताचे आजार आणि शिक्षण यांची नोंद त्याच दिवशी घ्यावी लागते. कामगाराच्या सदऱ्याला, श्वासाच्या उंचीवर, पाळीभर लावलेला हवेचा पंप धूळ गोळा करतो. तिच्यातले मँगनीज प्रयोगशाळेत प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात.

रक्ताचा नमुना घेणे हे या अभ्यासातले सर्वांत नाजूक काम. निरोगी माणसाच्या लिटरभर रक्तात मँगनीज दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. स्टेनलेस स्टीलच्या सुईतच मँगनीज असते आणि पहिल्या थेंबांबरोबर ते नळीत उतरू शकते. म्हणून शक्य तिथे प्लास्टिकची नळी वापरतात, किंवा पहिली नळी दुसऱ्या तपासणीला देऊन दुसरीत मँगनीजसाठी रक्त घेतात. चिखल्यासारख्या गावात तर धूळ कातडीवर, टेबलावर, खिडकीच्या गजावर असते. कोपराचा खोलगट भाग साबणाने दोनदा धुऊन, धातूमुक्त पाण्याने पुसून, खिडक्या बंद केलेल्या खोलीत नमुना घ्यावा लागतो, आणि त्याच खोलीत, त्याच नळीत, रक्ताऐवजी शुद्ध पाणी भरून एक कोरा नमुना सोबत पाठवावा लागतो. त्या कोऱ्या नळीत मँगनीज आढळले, तर त्या दिवशीचे सगळे नमुने पुन्हा घ्यायचे.